गाळलेली पिलं

विहिरीच्या काठावर सुमनच्या चपला होत्या, आणि पांचाळ सर त्या चपलांकडे बघत तिच्या मार्कांचे आकडे बोलत होते.

"आठव्या टेस्टला एकशे अकरा. नवव्या टेस्टला एकशे चार. दहाव्या टेस्टला ब्याण्णव."

दुपारचं ऊन होतं. आम्ही दोघं माझ्या बहिणीच्या जुन्या गावात उभे होतो. जुनं गाव म्हणजे भूकंपात बसलेलं गाव. माणसांना सरकारनं लांब नवीन घरं बांधून दिली, इथं दगडांचे ढीग राहिले आणि त्यांच्यावर वेड्या बाभळी माजल्या. सुमन माझ्या त्याच बहिणीची लेक, एकोणीस वर्षांची, माझ्याजवळ लातूरला वाढलेली. परवा सकाळी क्लासला म्हणून गेली ती परत आली नव्हती.

मी सरांच्या थोबाडीत मारली.

कॉलेजात गणित शिकवणारा माणूस, पंधरा-सोळा वर्षं माझ्या माडीवर राहिलेला, माझ्या हातची भाकरी खाल्लेला. जन्मात गडीमाणसावर मी हात उचलला तो तेवढाच. त्यांचा चष्मा उडून बाभळीच्या काट्यांत पडला. त्यांनी वाकून उचलला. एक काच गेली होती. सदऱ्याला पुसून त्यांनी तो खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर हाय, चंद्रकलाबाई. आता विहिरीत बघू."

सर वारल्यावर त्यांच्या कॉलेजानं एक पुस्तिका काढली. सुमननं ती मला वाचून दाखवली. त्यात त्यांना ऋषितुल्य म्हटलंय. गणितासाठी आयुष्य वाहिलं, विद्यार्थ्यांवर मुलांसारखं प्रेम केलं, असं सगळं. कबुतरांचं एक वाक्य आहे, त्यात 'छंद' असा शब्द आहे. विहिरीचं काहीच नाही. ज्यांनी हे लिहिलं तेच त्यांना कॉलेजात कबुतर मास्तर म्हणून हसायचे, हे मला ठाऊक आहे, कारण डबा द्यायला मी जायचे. म्हणून मी लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तेवढ्यात हे मावतं.

आमचं घर डाळमिलच्या मागं. माझे मालक मिलमध्ये कामाला होते. सर लोह्याकडचे, बाप सोनार. बायको लवकर गेलेली, लेकरूबाळ नाही. खोली बघायला आले तेव्हा त्यांनी नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारलं नाही. विचारलं, "गच्चीवर कबुतरं ठेवली तर चालतील का?"

मी म्हटलं, "खायला?"

"वजन करायला."

मला वाटलं माणूस थोडा सरकलेला आहे. पण भाडेकरू शांत हवा होता, आणि येडा माणूस शांत असतो असा माझा समज होता.

त्यांनी फळांची खोकी आणून भिंतीला ठोकली आणि त्यांत कबुतरांच्या जोड्या बसवल्या. मिलच्या मागं तुरीची चूर पडलेली असायची, ती पोतं भरून आणायची, दाण्याची फिकीर नव्हती. बापाचा सोनारकीचा काटा त्यांच्याजवळ होता, काचेच्या पेटीतला. रोज सकाळी सातला, दात घासायच्या आधी, सर त्या काट्यावर पिलं मोजायचे. पिलू हलतं म्हणून त्याला आपल्या जुन्या गांधी टोपीत घालायचे आणि टोपीचं वजन मागाहून वजा करायचे. आईबाप कबुतरं पंखानं त्यांच्या हातावर फटके मारायची. सरांच्या मनगटावर कायम ओरखडे असायचे.

त्यांची एक पद्धत होती. काट्याला हात लावण्याआधी पिलाकडे बघून ते अंदाजाचा आकडा पेन्सिलीनं लिहायचे. मग वजन करून खरा आकडा शाईनं, शेजारी. "आधी पेन्सिल, मग शाई," असं स्वतःशीच बोलायचे. एकदा मी म्हटलं, तुमचा अंदाज रोज बरोबरच येतो, मग शाईनंच लिहा की, पेन्सिल कशाला झिजवता. तर माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांच्या आईला शिवी दिली.

"अंदाज शाईनं लिहायचा नसतो, चंद्रकलाबाई. शाईनं लिहिला की माणूस त्यालाच खरं धरून बसतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, त्यांनी ठेवलं नाही.

एका साली त्यांना टायफॉइड झाला. काट्याशी जाता येईना. तेव्हा मी वजनं केली, कारण माडीवर पडून ते सारखे हाका मारायचे. "सात वाजले. चार नंबरचं खोकं बघा." पिलू अंड्यातून निघतं तेव्हा दीड तोळ्याचं असतं. आंधळं, पिवळी लव, चोच अंगापेक्षा मोठी. आईबाप दोघंही त्याला गळ्यातून दह्यासारखं काहीतरी पाजतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुप्पट. आठवड्यात दहापट. मी पाच लेकरं बघितलीत घरादारातली, पण असं वाढणं कधी बघितलं नाही. आणि मग एक दिवस घाई कमी होते. पिलू वाढतच असतं, पण दमानं. महिन्याच्या आत आईबापाएवढं होऊन उडायला बघतं.

सरांनी ते मला कागदावर दाखवलं. चौकटीचा कागद, खाली दिवस, उभं वजन. टिंबं जोडली की झोपलेल्या माणसानं गुडघा वर करावा तशी रेघ व्हायची, आणि वर जाऊन सपाट.

"ह्या रेघेला तीन आकडे पुरतात," सर म्हणाले. ताप होता तरी डोळे चमकत होते. "कुठवर जायचं, किती घाईनं जायचं, आणि कुठं दम घ्यायचा. हे तीन कळले की पहिल्या आठ दिवसांवरून पिलू अठ्ठाविसाव्या दिवशी केवढं होईल ते मी सांगतो."

"सांगून काय मिळतं?"

"काहीच न्हाई," सर म्हणाले आणि हसले. मला ते हसणं आवडलं होतं. ते खोटं नव्हतं.

पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. कबूतर दोन अंडी घालतं. पहिलं पिलू निघतं, दुसरं मागाहून निघतं, तोवर पहिलं थोराड झालेलं असतं आणि आईबापाच्या चोचीत तेच आधी शिरतं. दुसरं पुष्कळदा आठ-दहा दिवसांत मरतं. मेलं की सर त्याचा कागद वहीतून काढून टाकायचे. फाडायचे नाहीत, नीट सोडवून बाजूला ठेवायचे.

मी विचारलं, "हे कामून काढलं?"

"अपुरं हाय. रेघ पुरी झाली न्हाई तर समीकरणात बसत न्हाई. घेतलं तर सगळ्याच रेघा बिघडतात. सगळे गाळतात, मीच न्हाई."

"मेलेलं ते मोजून राहिला होता तुम्ही, आठ दिवस."

"हाव. पण ते गाळावं लागतं."

मला काय त्याचं. कागद चांगला जाड होता. मी ते कागद मागून घेतले आणि फडताळात डब्यांखाली अंथरले. तुरीच्या डाळीचा डबा, तांदळाचा डबा, तेलाची बरणी. सगळ्यांखाली मेलेल्या पिलांचे कागद.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक पहाटे झोपेत होते. आमच्या भिंतीला नुसती भेग गेली. उजाडता उजाडता मिलवर बातमी आली, आणि मी आणि सर एका ट्रकातून बहिणीच्या गावी निघालो. माझे मालक दम्यानं आडवे होते. सर आपणहून आले. मी चला म्हटलं नव्हतं.

त्या गावाचं मी सांगणार नाही. बघायला आलेल्यांनी पुष्कळ सांगितलंय. फोटो काढणारे आले, फिरायला आल्यासारखे जीपभर लोक आले. एका ट्रकातून जुने कपडे फेकले, त्यात नाचायचे घागरे होते. ज्या बाईचे चार जण दगडाखाली, तिच्या अंगावर घागरा फेकला. मी तो परत फेकला.

बहिणीच्या घरात सहा माणसं होती. बहीण, तिचे मालक, सासू, मोठा लेक, सुमन आणि तीन महिन्यांचं तान्हं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड छत. ज्वारीच्या कणगीनं एक दगड अडवून धरला होता, त्याच्या पोकळीत सुमन होती. सहा वर्षांची. बाकीच्यांना बाहेर काढलं ते कसं काढलं, सोडा.

नावं लिहून घेणारा साहेब आला. रेशनकार्डावरची नावं वाचून त्यानं टिक केली. पाचजणांचं कार्ड, त्यातली सुमन जिवंत. चार मयत. तान्ह्याचं नाव कार्डावर चढलं नव्हतं, बारसंच झालं नव्हतं.

"नाव न्हाई तर लिहू काय?" साहेब म्हणाला.

सर त्याच्या टेबलासमोर जमिनीवर बसले. "जन्मलेलं होतं. तीन महिन्यांचं होतं. अंदाजे बारा पौंड वजन. लिहा."

"अहो, यादी बिघडते."

"बिघडू द्या. होतं ते होतं. लिहा."

साहेबानं शिपायाला बोलावलं, दोन लोकांनी सरांना दंडाला धरून उठवलं. ते पुन्हा येऊन बसले. चौथ्या खेपेला साहेबानं लिहिलं. बहिणीचं तान्हं सरकारच्या कागदावर आहे ते ह्या माणसामुळं. म्हणून मी पुढं जे बोलले ते बोलले.

आम्ही परत आलो तर एक पेपरवाला गच्चीवर चढलेला. कबुतरांना आधी कळलं होतं का, ती रात्री फडफडली का, असं विचारून राहिला होता. सर म्हणाले, "मी झोपलो होतो. कबुतरंही झोपली होती. कुणालाच काही कळलं न्हाई. हे छापा." छापलं नाही. वहीत त्या दिवसांची जागा सरांनी कोरी ठेवली. मी म्हटलं, अंदाजानं भरून टाका, तुम्हाला येतो की. ते न्हाई म्हणाले.

सुमन माझ्याजवळ राहिली. वर्षभर बोलली नाही. शाळेत दोन वर्षं मागं पडली. बोलायला लागली ती गच्चीवर, आणि पहिला शब्द आकडा होता. सरांनी टोपीत पिलू धरलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "एकवीस." वजन तेवीस ग्रॅम भरलं. सरांनी शाईनं लिहिलं आणि तिचा पेन्सिलीचा आकडा शेजारी तसाच ठेवला. मग रोज सातला ती वर. दहा वर्षांची झाली तेव्हा तिचा अंदाज सरांपेक्षा जवळ यायचा. सर तिला शाबासकी देत नव्हते. नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी पोरगी जेवणावरून उठून पळायची.

मग लातुरात क्लासचं पीक आलं. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर पाटी लागली. कुठून कुठून लेकरं ट्रंका घेऊन यायला लागली. नायगाव, देगलूर, उदगीर, बीडकडची. मी खानावळ काढली, कारण मालक वारले होते आणि मला दुसरं काही येत नव्हतं. चाळीस ताटं. लेकरं पुस्तक ताटाशेजारी ठेवून जेवायची, घास तोंडात आणि डोळे पानावर. टेस्ट वाईट गेलेलं पोर मला ताटावरून कळायचं. भाकरीचे तुकडे करायचं आणि खायचं नाही.

अशा एका क्लासचा मालक एकदा गच्चीवर आला. सरांनी त्याच्याकडं शिकवावं म्हणून आला होता. सर नाही म्हणाले. पण त्यानं भिंतीवरच्या रेघा बघितल्या, आणि विचारलं की हे काय. कॉलेजातल्या एकाही माणसानं त्या भिंतीकडं नीट बघून हे विचारलं नव्हतं. हा खुर्ची ओढून बसला. दोन तास बसला. मी दोनदा चहा दिला. जाताना म्हणाला, "सर, तुम्ही काय करून ठेवलंय हे तुम्हाला कळत न्हाई."

सरांनी पैसा मागितला नाही, घेतला नाही. नावासाठीही नव्हतं. कुणीतरी बघितलं, एवढ्यावर माणूस विकला गेला. मला त्याचाच जास्त राग आहे. पैशासाठी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं.

पुढच्या जूनमध्ये क्लासच्या हॉलात भिंतभर फ्लेक्स लागला. खाली टेस्टचे नंबर, उभे मार्क. जाड निळी रेघ, 'आदर्श रेघ'. मागच्या तीन सालांत ज्यांचा डॉक्टरकीला नंबर लागला त्या लेकरांच्या मार्कांवरून सरांनी ती बसवून दिली होती. जी लेकरं मधून घरी गेली, आजारी पडली, जेवण टाकून रडत बसली, ती त्यात नव्हती. प्रत्येक पोराची आपली एक लाल रेघ. आठ टेस्ट झाल्या की सरांच्या गणितानं क्लासचा कम्प्युटर पुढची रेघ काढायचा, शेवटपर्यंत. ती निळीच्या खाली गेली की पोराला मागच्या हॉलात बसवायचं. मागच्या हॉलात पंखे कमी आणि शिकवायला कालची पोरं.

मी सरांना म्हटलं, "ती पुढची रेघ तर अंदाजाची. पेन्सिलीनं कुठंय?"

ते म्हणाले, "फ्लेक्सवर पेन्सिल चालत न्हाई, चंद्रकलाबाई." आणि माझ्याकडं न बघता भाकरी खाल्ली.

सुमन त्याच क्लासला होती. हुशार होती, पण तिची गाडी रुळाला उशिरा लागायची. आठव्या टेस्टला तिची रेघ निळीच्या खाली गेली. मालकानं सगळ्यांसमोर छडी लावून दाखवलं. "सुमन, तू इथंच वाकणार. ह्याच्यावर जाणार न्हाई. हे मी न्हाई सांगत, गणित सांगतंय."

दुसऱ्या कुठल्या पोरीनं शिव्या घातल्या असत्या आणि अभ्यास केला असता. सुमननं ती रेघ दहा वर्षं स्वतः काढली होती. तिला ती खोटी कशी वाटणार? ती सरांची होती. पोरगी मागच्या हॉलात जाऊन बसली. सातला गच्चीवर जायची बंद झाली. भाकरीचे तुकडे करायला लागली. सर रोज समोर बसून जेवायचे, पिलाच्या वजनातला दाणाभर फरक त्यांना दिसायचा, आणि सुमन महिन्यात निम्मी झाली ती दिसली नाही.

मी क्लासच्या मालकाकडं गेले. तो म्हणाला, "मावशी, आमच्यावर कशाला रागावता? गणित तुमच्याच माडीवरचं हाय."

दहाव्या टेस्टनंतर ती गेली. दोन दिवस आम्ही स्टँड, दवाखाने, मैत्रिणी, सगळं धुंडाळलं. तिसऱ्या दिवशी मला जुनं गाव सुचलं.

विहीर पायऱ्यांची. वरच्या पायऱ्या भूकंपात सरकलेल्या, मध्ये झुडपं माजलेली, खाली अंधार. सर चष्म्याशिवाय उतरले. मी वर उभी होते आणि देवाला नव्हे, त्यांना शिव्या देत होते, मोठ्यानं. शेरडं चारणारा एक म्हातारा तिकडून ऐकून आला. मग खालून सरांचा आवाज आला.

"चंद्रकलाबाई, हाय. बोलून राहिली."

तुटक्या पायरीवरून पाय घसरून ती खाली पडली होती. घोटा मोडला होता. दोन दिवस हाका मारून घसा बसला होता. तळाला वीतभर पाणी होतं, ते पिऊन ती राहिली. सर आणि म्हाताऱ्यानं तिला घोंगडीत घालून वर आणलं. मी तिचं तोंड पुसलं आणि जे विचारायचं ते विचारलं.

"मरायला आली होतीस का गं?"

"माहीत न्हाई, मावशी. आईचं घर बघायला आले होते. सापडेना. तहान लागली म्हणून उतरले."

"मग चपला कामून काढल्या वर?"

तिनं माझ्याकडं येड्यासारखं बघितलं. "प्यायच्या पाण्यात चपला घालून कुणी उतरतं का? आई मारायची."

म्हातारा म्हणाला, "बरोबर हाय तिचं." गाव उठून गेलं, विहिरीला कुणी वाली नाही, आणि पोरगी चपला काढून उतरली होती.

सर तिच्याजवळ खाली बसले. हाताला काटे रुतून रक्त येत होतं. "सुमन, ती रेघ चुकलेली हाय."

ती म्हणाली, "तुमची रेघ चुकत न्हाई, सर."

मी मारलेली थप्पड त्यांनी सहज पचवली होती. हे पचलं नाही. तेव्हा मी बोलले. "माझ्या बहिणीचं तान्हं यादीत घालायला तुम्ही साहेबाच्या टेबलाशी चार येळा बसलात. यादी बिघडू द्या म्हणालात. मग तुमची रेघ बिघडू नये म्हणून मेलेली पिलं कामून गाळलीत?"

लातूरला आलो, सुमनचा पाय प्लास्टरात घातला, आणि सर तडक माझ्या स्वयंपाकघरात शिरले. फडताळातले डबे एकेक करून खाली ठेवले आणि खालचे कागद काढले. तेलाचे डाग, हळदीचे डाग, झुरळांनी खाल्लेले कोपरे. किती वर्षांचे होते देव जाणे. ते सगळे त्यांनी माडीवर नेऊन जमिनीवर पसरले, जगलेल्यांच्या शेजारी. चार दिवस बसले. मी ताट दारात ठेवायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी सुमनला आणि मला बोलावलं. पोरीला मी पाठकुळी नेलं. त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले, दोन्ही दुसऱ्या पिलांचे. एक माझ्या डाळीच्या डब्याखालचा, एक वहीतला.

"हे आठव्या दिवशी एवढं होतं. हे त्याच्यापेक्षा थोडं कमी होतं. हे नवव्या दिवशी मेलं. हे अठ्ठाविसाव्या दिवशी बापाएवढं झालं आणि उडालं. सुमन, आठव्या दिवशी ह्या दोघांतलं कुठलं जगणार हे मला कळत होतं का?"

सुमननं दोन्ही कागदांवर आठव्या दिवसापाशी बोट ठेवलं. म्हणाली, "न्हाई."

"मला वाटत होतं कळतं. कारण हा कागद मी काढून टाकला होता. असे चाळीस हायत."

पोरीनं कागद उचलला, वास घेतला आणि म्हणाली, "हिंगाचा वास येतोय." आणि हसली. किती महिन्यांनी हसली ते मी मोजलं नाही.

सर क्लासमध्ये गेले. मीही गेले, बाहेर उभी राहिले. सगळं ऐकू येत होतं. सर म्हणाले, ज्यांनी क्लास सोडला त्यांची नावं द्या, रेघ पुन्हा काढतो, तोवर फ्लेक्स उतरवा. मालक म्हणाला, "सर, सोडून गेलेली पोरं आम्ही कशाला धरायची? आमचा निकाल बिघडतो." सर म्हणाले बिघडू द्या. मालक हसला. दोन पोरांनी सरांना दंडाला धरून बाहेर आणलं. ह्या वेळी ते पुन्हा आत गेले नाहीत. वय झालं होतं. फ्लेक्स उतरला नाही. त्या मालकाची आज चार मजली इमारत आहे, आणि मी तिच्यावरून जाते तेव्हा थुंकते. म्हातारीला कुणी काही म्हणत नाही.

सुमन डॉक्टर झाली नाही. गणित शिकली आणि नायगावला शाळेत लागली. सर निवृत्त होऊन नांदेडला पुतण्याच्या घरी गेले. जाताना मी त्यांना भरल्या डोळ्यांनी वगैरे निरोप दिला नाही. माझा राग गेला नव्हता. काट्याची पेटी रिक्षात ठेवताना ते म्हणाले, "चंद्रकलाबाई, तुम्ही हात जोरात मारला होता."

"हाव. मुद्दाम मारला होता."

"पेन्सिलीनं न्हाई," असं म्हणून ते रिक्षात बसले.

मागच्या साली सुमनबरोबर मी नांदेडला त्यांना बघायला गेले. डोळे जवळजवळ गेले होते. गच्चीवर तीनच खोकी. वही उघडी होती, आणि आता तिच्यात सगळेच होते. काही रेघा वरपर्यंत, काही मध्येच थांबलेल्या आणि थांबल्या तिथं एक टिंब. मधल्या पानांना डाग होते, ते माझ्या फडताळातले. सरांनी खोक्यात हात घातला, कबुतरानं फटका मारला, त्यांनी पिलू काढलं. काटा आता त्यांना दिसत नव्हता. पिलू तळहातावर धरून त्यांनी हात हलकेच वरखाली केला.

"लिही सुमन. एकशे बारा. पेन्सिलीनं."

सुमननं टोपीत घालून वजन केलं. "एकशे तीस, सर."

"चुकलो," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जसा कधी बरोबर आल्यावर खुलला नव्हता. "शाईनं लिही."

आम्ही जिना उतरलो तेव्हा ते वर कठड्याला पोट लावून उभे होते, टोपी हातात, टोपीत पिलू, आणि आम्ही नव्हतो त्या बाजूला बघून हात हलवत होते. त्यानंतर दीड महिन्यानं गेले.

मागच्या हॉलात त्या साली किती लेकरं बसली आणि पुढं त्यांचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. बहिणीच्या घरी त्या पहाटे सहा माणसं झोपली होती, ते लिहिलेलं आहे. त्यातली सुमन जगली.